केटी-१००० आर्थ्रोमीटर : गुडघ्याचा सैलपणा मोजणाऱ्या उपकरणाचे परीक्षण

केटी-१००० या आर्थ्रोमीटरने मी पहिल्यांदा मोजणी केली, तेव्हा एकाच गुडघ्याचे तीन वेळा तीन वेगळे आकडे आले आणि उपकरण बिघडले आहे अशी माझी खात्री झाली. ते बिघडलेले नव्हते. माझी एक सहकारी निरोगी गुडघे घेऊन खाटेवर निवांत पडली होती, डायलचा काटाही ठीक होता; दर खेपेला कमी-जास्त दाबला जात होता तो गुडघ्याच्या वाटीवर टेकवलेला माझा डावा हात. त्यानंतर काही वर्षे हे उपकरण नियमित वापरून त्याच्याविषयी जे मत बनले, ते येथे मांडत आहे. फिजिओथेरपीचे विद्यार्थी आणि क्रीडा-दुखापतींवर काम करणारे यांना ते उपयोगी पडावे, तसेच शस्त्रक्रियेनंतरच्या कागदावर ‘डाव्या-उजव्यातील फरक ४ मिमी’ असे वाचून धास्तावलेल्या रुग्णालाही त्या आकड्याचे वजन कळावे, एवढी अपेक्षा आहे.

आधी हे उपकरण नेमके काय मोजते ते पाहू. नडगीचे हाड मांडीच्या हाडाखालून पुढे सरकू न देण्याचे काम मुख्यतः पुढचा क्रुशिएट अस्थिबंध, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला एसीएल, करतो. नडगी पुढे ओढणाऱ्या बळाला गुडघा जो विरोध करतो, त्यातला सुमारे ८५ टक्के वाटा एकट्या एसीएलचा असतो, असे मृतदेहांच्या गुडघ्यांवर केलेल्या आणि १९८० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आले. हा अस्थिबंध तुटला की उरलेला भार मेनिस्कसची (सांध्यातल्या कूर्चेच्या गादीची) मागची कड, सांध्याचे वेष्टण आणि बाजूचे अस्थिबंध यांच्यावर पडतो, आणि त्यांचे मूळ काम वेगळे असल्यामुळे नडगी काही मिलिमीटर अधिक पुढे येते. हे अधिकचे मिलिमीटर हाताला जाणवतात. त्यासाठीची लॅकमन चाचणी फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठातील जॉन लॅकमन यांच्या नावाने ओळखली जाते आणि जोसेफ टॉर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली ती प्रसिद्ध केली. गुडघा २० ते ३० अंशांत वाकवायचा, एका हाताने मांडी स्थिर धरायची आणि दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढायची, एवढीच ती कृती आहे. पण मुरलेल्या हाताला तीत दोन गोष्टी कळतात. नडगी किती पुढे आली ही एक, आणि शेवटी ती कशी थांबली ही दुसरी : ताणलेल्या दोराला गाठ लागावी तशी खटकन, की चिखलात पाय रुतत जावा तशी हळूहळू. आर्थ्रोमीटर यांतली पहिलीच गोष्ट मोजतो. दुसरी बऱ्याचदा अधिक बोलकी असते आणि ती डायलवर उमटत नाही, हे मला या उपकरणाविषयी अगदी सुरुवातीला सांगावेसे वाटते.

केटी-१००० ची निर्मिती अमेरिकेतील सॅन डिएगो येथील मेडमेट्रिक कंपनीची. त्यामागचे मुख्य संशोधक अस्थिशल्यविशारद डेल डॅनियल आणि लॉरेन्स माल्कम हे होत, आणि या उपकरणावरचे त्यांचे पायाभूत लेखन १९८५ साली प्रसिद्ध झाले. केटी-२००० हे त्याचेच भावंड. त्यात बळ आणि सरकणे यांचा आलेख कागदावर काढण्याची सोय आहे. त्यानंतरच्या काळात एसीएल शस्त्रक्रियेच्या परिणामांवर जे संशोधन झाले, त्यातल्या फार मोठ्या भागात सैलपणाचा आकडा याच उपकरणाने काढलेला आहे. नवे उपकरण बाजारात आले की त्याची तुलनाही आधी केटी-१००० शी केली जाते. म्हणूनच हे उपकरण स्वतः न वापरणाऱ्यानेही त्याचे गुणदोष समजून घ्यावेत.

रचना साधी आहे. नडगीच्या पुढच्या बाजूवर लांबट पेटीसारखे आवरण बसते आणि वेल्क्रोच्या दोन पट्ट्यांनी ते पोटरीभोवती बांधले जाते. त्याला दोन संवेदक गाद्या असतात. एक वाटीवर टेकते, दुसरी वाटीखालच्या नडगीच्या उंचवट्यावर. या दोन गाद्या एकमेकींच्या तुलनेत किती पुढे-मागे झाल्या, तेच डायलवर मिलिमीटरमध्ये दिसते. म्हणजे उपकरण मांडीचे हाड पाहत नाही. वाटी मांडीच्या हाडाला घट्ट टेकलेली आहे असे गृहीत धरून वाटीपासूनचे अंतर मोजते. ही मेख एकदा ध्यानात आली की पुढच्या बहुतेक चुकांची कारणे आपोआप उलगडतात. ओढण्यासाठी मुठीचा दांडा आहे, आणि ओढ १५, २० व ३० पौंडांवर, म्हणजे सुमारे ६७, ८९ व १३४ न्यूटनवर पोहोचली की वेगवेगळा सूर वाजतो. डोळे डायलवर आणि कान सुरांवर ठेवून काम करता येते, ही योजना मला फार आवडते. चार दशकांपूर्वीचे उपकरण असूनही वापरणाऱ्याच्या लक्षाची एवढी काळजी त्यात घेतलेली आहे.

मोजणीची पूर्वतयारी मात्र प्रत्यक्ष मोजणीपेक्षा जास्त वेळ खाते, आणि ती खाऊ द्यावी. रुग्ण पाठीवर झोपतो. दोन्ही मांड्यांखाली, गुडघ्यामागच्या खोलगट भागाच्या जरा वर, आधाराचा ठोकळा ठेवला की गुडघे साधारण २५ ते ३० अंशांत वाकतात. टाचांजवळच्या आधारामुळे दोन्ही पावले सारखीच बाहेर वळलेली राहतात. मांड्या बाहेर कलंडू नयेत म्हणून त्यांच्याभोवती पट्टा घेतात. आवरणावरचा बाण सांध्याच्या रेषेसमोर यायला हवा, कारण उपकरण जरा खाली किंवा वर बसले तरी आकडा बदलतो. हे झाल्यावर लगेच ओढायचे नसते. नडगी २० पौंडांनी मागे ढकलायची, सोडायची, पुन्हा ढकलायची, आणि काटा प्रत्येक वेळी त्याच जागी परतू लागला की तिथे शून्य धरायचे. माझ्या पाहण्यात घाईने केलेल्या मोजण्या बहुतेक याच पायरीवर फसतात. शून्यच डळमळीत असेल तर पुढच्या मिलिमीटरला काय अर्थ राहणार?

पुढचा शत्रू रुग्णाच्या मांडीमागचे स्नायू, म्हणजे हॅमस्ट्रिंग. ते नडगीला मागे खेचतात, म्हणजे नेमके एसीएलच्या बाजूने काम करतात. दुखापत ताजी असेल, गुडघ्यात रक्त किंवा पाणी साचले असेल, किंवा आधीच्या तपासणीत कळ आलेली असेल, तर रुग्णाच्या नकळत ते आखडतात आणि तुटलेल्या अस्थिबंधाचा गुडघाही डायलवर शहाण्यासारखा वागतो. म्हणूनच भूल दिल्यावर तोच गुडघा मोजला तर आकडा बहुधा वाढलेला दिसतो. रुग्णाला ‘पाय सैल सोडा’ असे दहा वेळा सांगण्याने काही साधत नाही, उलट तो जास्तच सावध होतो, असा माझा अनुभव आहे. टाचेखालचा आधार नीट करून, निरोगी पाय आधी मोजून आणि बोलण्यात गुंतवून जे साधते ते सूचनांनी साधत नाही. निरोगी पाय आधी मोजण्याचा आणखी एक लाभ असा की काय होणार आहे हे रुग्णाला कळते आणि दुसऱ्या पायाच्या वेळी तो दचकत नाही.

आता आकड्यांविषयी. तीन सुरांपैकी कोणता धरायचा, यावर विद्यार्थ्यांमध्ये नेहमी वाद होतो. १५ पौंडांवर निरोगी आणि जखमी गुडघ्यांतला फरक पुष्कळदा झाकलेलाच राहतो, कारण एवढ्या ओढीत मऊ ऊतींचे दबणेच मोठ्या प्रमाणात मोजले जाते. २० पौंडांवर चित्र स्पष्ट होऊ लागते, ३० वर ते अधिक उघड होते. आणि यांहून वेगळी अशी एक पद्धत आहे, जिला हाताची कमाल ओढ म्हणतात. तीत दांडा वापरत नाहीत. पोटरीच्या वरच्या भागामागे थेट हात घालून, डायलकडे पाहत, नडगी शक्य तितकी पुढे उचलतात. एसीएल तुटलेला आहे की नाही हे ठरवण्यात ही पद्धत सुरांपेक्षा सरस ठरते, असे अनेक अभ्यासांचे म्हणणे आहे आणि माझा अनुभवही तोच आहे. गंमत अशी की मोजलेल्या बळाची एवढी निगुतीने सोय करणाऱ्या उपकरणाचा सर्वांत उपयोगी आकडा मिळतो तो बळ न मोजता. याला मी दोष म्हणणार नाही, पण दोन वेगवेगळ्या तपासणाऱ्यांच्या कमाल ओढीची तुलना करू नये, हे त्यातून ओघानेच येते. कोणाच्या मनगटात किती जोर आहे, तपासणारा उजवा आहे की डावरा, खाटेच्या कोणत्या बाजूला उभा आहे, या सगळ्यांचा परिणाम आकड्यावर होतो.

एकट्या गुडघ्याचा आकडा जवळजवळ निरर्थक असतो. काही माणसांचे सगळेच सांधे जन्मजात लवचीक असतात. त्यांची नडगी दोन्ही बाजूंना बरीच पुढे येते आणि त्यांना कसलाही त्रास नसतो. म्हणून पाहायचा तो दोन गुडघ्यांतला फरक. १३४ न्यूटनवर किंवा कमाल ओढीत हा फरक ३ मिमीहून जास्त असेल तर एसीएल तुटल्याचा संशय बळावतो. आयकेडीसी या आंतरराष्ट्रीय मूल्यमापन पद्धतीत २ मिमीपर्यंतचा फरक सामान्य, ३ ते ५ मिमी जवळजवळ सामान्य, ६ ते १० मिमी असामान्य आणि १० मिमीहून जास्त असेल तर गंभीर, अशा श्रेणी आहेत. कागदावर ‘४ मिमी’ वाचून नवा अस्थिबंध निकामी झाला असे समजणाऱ्या रुग्णाने ही दुसरी श्रेणी लक्षात घ्यावी. आणि मोजणीतच एखाद-दुसऱ्या मिलिमीटरचा झोल असू शकतो, हेही त्याने विसरू नये. दोन्ही गुडघ्यांचे एसीएल आधीच तुटलेले असतील, तर तुलनेचा आधारच उरत नाही आणि उपकरण जवळपास मुके होते.

एक सापळा सविस्तर सांगावा असा आहे, कारण त्यात मी स्वतः अडकलो आहे. मागचा क्रुशिएट अस्थिबंध, म्हणजे पीसीएल, तुटलेला असेल तर आडव्या झोपलेल्या रुग्णाची नडगी स्वतःच्या वजनानेच मागे घसरलेली असते. ही घसरलेली जागा शून्य धरून पुढे ओढले तर नडगी आधी आपल्या मूळ जागी येते आणि मग एसीएलपाशी थांबते. डायलवर मात्र हे सगळे अंतर ‘पुढचा सैलपणा’ म्हणून दिसते. धडधाकट एसीएलवर तुटल्याचा शिक्का बसतो. यावर डॅनियल यांनीच तोड काढली होती. निरोगी गुडघा सुमारे ७० अंशांत वाकवून रुग्णाला मांडीचा पुढचा स्नायू आवळायला सांगितले, तर नडगी पुढेही जात नाही आणि मागेही. वाटीखालच्या कंडऱ्याची (वाटीला नडगीशी जोडणाऱ्या जाड दोरीची) ओढ त्या कोनात नडगीच्या माथ्याला काटकोनात असते. निरोगी गुडघ्याचा हा तटस्थ कोन आधी शोधायचा, जखमी गुडघा त्याच कोनात ठेवायचा आणि स्नायू आवळायला सांगायचा. नडगी पुढे सरकली, तर ती मागे घसरलेली होती हे सिद्ध होते आणि ती किती घसरली होती हेही मोजता येते. अशा गुडघ्यात शून्य धरायचे ते स्नायू आवळल्यावरच्या जागेला. हा भाग घाईगर्दीच्या दवाखान्यात सहसा गाळला जातो, आणि मीही एकेकाळी तो गाळत असे.

उलट दिशेची फसवणूकही होते. मेनिस्कसचा मोठा तुकडा उलटून सांध्यात अडकला असेल, तर तो पाचरीसारखा बसून नडगीला पुढे येऊ देत नाही, आणि तुटलेल्या एसीएलचा आकडा निरोगी दिसतो. गुडघा पूर्ण सरळ होत नसेल तर मी उपकरण बाहेरच काढत नाही.

या उपकरणाची खरी मर्यादा मात्र याहून खोल आहे. ते एकाच दिशेची हालचाल मोजते. एसीएल नसलेल्या माणसाचा गुडघा सटकतो तो नुसता पुढे जात नाही. तो पुढे जाताना आत वळतोही, आणि ही मिश्र हालचाल पकडण्यासाठी हाताने करायची पिव्हट शिफ्ट चाचणी आहे, जिचे वर्णन गॅलवे आणि मॅकिंटॉश यांनी १९७२ साली केले. शस्त्रक्रियेनंतर रुग्ण समाधानी आहे की नाही, त्याला खेळता येते की नाही, याच्याशी पिव्हट शिफ्टचे नाते जितके जुळते तितके आर्थ्रोमीटरच्या मिलिमीटरांचे जुळत नाही, असे संशोधनात आढळले आहे. सैलपणा आणि अस्थिरता या दोन शब्दांत आपण गल्लत करतो, तिचे मूळ येथे आहे. सैलपणा तपासणाऱ्याला सापडतो, अस्थिरता रुग्णाला भोगावी लागते. ७ मिमी फरक असूनही स्नायूंच्या जोरावर निर्धास्त धावणारे लोक मी पाहिले आहेत, आणि २ मिमी फरक असूनही जिना उतरताना कठडा न सोडणारेही.

तरीही मिलिमीटर अगदीच टाकाऊ ठरत नाहीत. एसीएलच्या दुखापतीनंतर कोणाला पुढे मेनिस्कसची किंवा अस्थिबंधाची शस्त्रक्रिया लागली, याचा डॅनियल आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात आर्थ्रोमीटरचा आकडा, दुखापतीपूर्वी खेळात घालवलेले तास आणि वय या तिन्हींचा संबंध आढळला होता. आकडा एकटा पुरत नाही, पण माणसाच्या आयुष्याशेजारी ठेवला की बोलू लागतो. एमआरआय अस्थिबंधाचे चित्र दाखवतो. त्या अस्थिबंधाला ओढल्यावर तो काय करतो हे साध्या एमआरआयमध्ये दिसत नाही. अर्धवट फाटलेल्या अस्थिबंधाबाबत हा फरक विशेष जाणवतो.

पर्यायांबद्दल थोडक्यात. एअरकास्टचे रोलिमीटर हलके, धातूचे आणि निर्जंतुक करता येणारे आहे, त्यामुळे ते शस्त्रक्रियागृहातही वापरता येते. त्यात सूर नाहीत, बळ मोजणे नाही, सगळा भार हाताच्या कमाल ओढीवर. कमाल ओढीचाच आकडा वापरणाऱ्याला ते पुरेसे आहे, असे मी मोकळेपणाने म्हणेन. टेलॉस या साधनाने ठरावीक बळ लावून क्ष-किरण चित्र काढतात आणि अंतर हाडांवरच मोजतात. वाटीवर विसंबण्याची गरज उरत नाही, पण किरणोत्साराचा प्रश्न येतो. पीसीएल आणि बाजूच्या अस्थिबंधांसाठी माझी पसंती अशाच बळ लावून काढलेल्या क्ष-किरण चित्रांना आहे. त्या ठिकाणी केटी-१००० तितके भरवशाचे नाही. फ्रान्समधील जेनुरोब कंपनीचे जीएनआरबी हे मोटरवर चालणारे उपकरण आहे. ओढ यंत्र लावते, वाटीवरचा दाब नोंदवला जातो आणि हॅमस्ट्रिंग आखडले आहेत का हे त्वचेवरच्या इलेक्ट्रोडने कळते. केटी-१००० च्या तीन दुखऱ्या जागा त्याने बरोबर हेरल्या आहेत. आकडा काढणाऱ्याच्या हातावर अवलंबून राहू नये, ही ज्यांची गरज आहे, विशेषतः एकाच अभ्यासात अनेक जण मोजणी करणार असतील तर, त्यांनी त्याचा विचार आधी करावा.

मग केटी-१००० कोणासाठी? एकच तपासणारा, तेच रुग्ण, तीच पद्धत आणि महिनोन्‌महिने चालणारा पाठपुरावा, अशा कामासाठी ते मला आजही समाधानकारक वाटते. शस्त्रक्रियेनंतर सहाव्या महिन्यात २ मिमी आणि वर्षानंतर ५ मिमी, असा बदल त्याच हाताने टिपला असेल तर तो गांभीर्याने घ्यावा. पहिल्या भेटीत, सुजलेल्या गुडघ्यावर, निदानासाठी म्हणून ते वापरायला मी कोणालाही सुचवणार नाही. तेथे लॅकमन चाचणीचा हात अधिक शहाणा असतो. आणि नोंदवहीत नुसता आकडा लिहू नये. कोन किती, बळ कोणते की कमाल ओढ, मोजणी कोणी केली, गुडघ्यात पाणी होते का, रुग्ण व्यायाम करून आला होता का (व्यायामानंतर सैलपणा तात्पुरता वाढतो), एवढे सोबत नसेल तर वर्षभराने तो आकडा वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही.

नव्याने शिकणाऱ्याने पहिले काही आठवडे फक्त निरोगी गुडघ्यांच्या जोड्या मोजाव्यात, आणि डाव्या-उजव्यातला फरक पुन्हा पुन्हा मोजूनही २ मिमीच्या आत राहू लागेपर्यंत जखमी गुडघ्याला हे उपकरण बांधू नये. माझ्या त्या सहकारीचे गुडघे मी अजूनही दर काही महिन्यांनी मोजतो; ती कंटाळते, पण झोपते. मागच्या खेपेला तिचा फरक ३ मिमी आला, म्हणून पट्ट्या सोडून, शून्य नव्याने धरून पुन्हा मोजले, तेव्हा तो १ मिमी निघाला. पहिल्या वेळी बाण सांध्याच्या रेषेच्या बोटभर खाली होता.